पट्ट्याचं दुसरं टोक

रुस्तावीच्या बाजारात माणसं थोडी, गाड्या फार.
उघड्या माळावर रांगांमागून रांगा,
आणि नोव्हेंबरचा वारा
काचांवर लिहिलेल्या किमती वाचत
थांबत थांबत पुढे जाणारा.

मी लामारा. पियानो जुळवते.
काखेतीतल्या गावोगावच्या संगीतशाळांना
आजवर मार्शरुत्कानं जात आले,
हत्यारांची पेटी मांडीवर
आणि पेटीवर शेजारणीची कोंबडी.
साठी जवळ आल्यावर वाटलं, आता पुरे.
आपली एक गाडी असावी. लहानशी.
चढावर दम न लागणारी.

बद्रीनं पहिल्या नजरेत माझं पाणी जोखलं:
एकटी बाई, बरा कोट, जुने बूट.
"बाईसाहेब, अमेरिकेहून आलीय, तुमच्यासाठीच.
एका मास्तरणीची होती.
रविवारी चर्चला नेत, एरवी घरीच उभी."
मलाही लोक असंच सांगतात,
पियानोला कुणी हातसुद्धा लावला नाही म्हणून,
आणि मधल्या सप्तकाच्या पट्ट्या
बोटांनी खोलगट झालेल्या.

म्हणून मी आधी खाली वाकले.
मीटरवर तीस हजार मैल,
ब्रेकचं रबर मात्र
न्हाणीतल्या साबणाच्या चिपेसारखं.
बॉनेटवर तळवा ठेवला. कोमट.
मी यायच्या आधीच कुणी गाडी तापवून ठेवली होती;
गार इंजिन पहिल्या खोकल्यातच खरं बोलतं,
हे बद्रीलाही ठाऊक.
आत व्हॅनिलाचा वास,
एखादी बाई उगाच फार हसावी तसा.

कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी सीटबेल्ट ओढला.
सगळे ओढतात तेवढा ओढून थांबले नाही,
संपेपर्यंत ओढला.
येत राहिला, करडा, स्वच्छ, करडा,
आणि शेवटच्या दोन वितींत
एक तपकिरी रेघ.
मी कधी न पाहिलेल्या कुठल्या नदीनं
इथं आपली उंची लिहून ठेवली होती.
नखानं खरवडली. बारीक गाळ.

बद्रीनं सिगारेट विझवली.
"आठशे डॉलर कमी करतो."
कसली रेघ, असं त्यानं विचारलं असतं
तर मी कदाचित फसले असते.

दाराच्या कप्प्यात केसांची एक क्लिप होती,
फुलपाखराची, गंजलेली.
मास्तरणीच्या घरी मुलगी होती का?
मास्तरीण तरी होती का?
रात्री पाणी चढताना कोण किल्ल्या शोधत होतं?
आठशे डॉलर. त्यात हिवाळ्याची लाकडं येतात.
मी एकदा पाकिटाला हात लावलाही.

पण पुरात बुडालेला एक पियानो
मी जुळवून दिलाय, खूप वर्षांपूर्वी.
तीन आठवडे सुरात राहिला.
मग एकेक हातोडी फुगली, चिकटली,
आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवशी
खालचं सप्तक मुकं झालं.
हे होणार, मला ठाऊक होतं.
शाळेनं पैसे मोजून दिले, मी मोजून घेतले.

"नको," मी म्हटलं.
बद्रीनं खांदे उडवले. रागावला नाही.
पलीकडून एक पोरगा येत होता,
नुकती मिसरूड फुटलेला,
सोबत आजोबा, कोटाच्या आतल्या खिशावर
हात घट्ट दाबून चालणारे.
बद्री हसत त्यांच्याकडे वळला.

तेवढ्यात मी पट्टा पुन्हा ओढला, संपेपर्यंत,
आणि रेघेच्या अलीकडे एक गाठ मारली,
परत आत जाऊ नये अशी.
दार उघडंच ठेवलं.

तिबिलिसीच्या मार्शरुत्कात उभ्यानंच जागा मिळाली.
इंजिनाचा एक ठोका मध्येच गळत होता,
दर सातव्याला, कधी आठव्याला.
घरापर्यंत तो मोजत राहिले.
पाकीट तसंच जड.
नखात अजून थोडी नदी.